एका सुधारकाचं दुसरं लग्न : पुणे, 1873

महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई 1873 च्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. रानडे तेव्हा 31 वर्षांचे होते. पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज, मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक, प्रार्थनासमाजी, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतलं ठळक नाव. वर्ष संपायच्या आत त्यांचं दुसरं लग्न झालं. वधू विधवा नव्हती. साताऱ्याकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ती 11 वर्षांची मुलगी होती, अक्षरओळखही नसलेली. माहेरची यमुना, सासरी रमा झाली.

महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासातली ही ठसठसती जागा आहे. रानड्यांचे चाहते ‘पुढे त्यांनी पत्नीला शिकवलं’ असं म्हणून ती घाईने ओलांडतात. टीकाकार तिथेच मुक्काम ठोकतात आणि पुढची 50 वर्षं पाहत नाहीत. मला दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. ज्याला स्वतःचं तत्त्व स्वतःच्या घरात पाळता आलं नाही, त्याच्या हातून समाज बदलतो का? बदलत असेल, तर तो त्याच्या चांगुलपणामुळे बदलतो की आणखी कशामुळे? हे लग्न एक प्रकरण म्हणून नीट उलगडून पाहिलं, तर या प्रश्नाचं बरंच उत्तर हाती लागतं.

बहिष्काराची यंत्रणा

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली होती. पण अशा लग्नाची मुलं औरस ठरवणं कायद्याच्या हातात होतं. शेजारी पंक्तीला बसतील की नाही, हे नव्हतं. 1869 च्या जूनमध्ये विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह लागला आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर रीतसर वाद झाला. दोन्ही बाजूंचे शास्त्री बसले, वचनं काढली गेली, आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला.

आज ‘बहिष्कार’ हा शब्द फार सैल झाला आहे, म्हणून तो घरात कसा उतरायचा हे सांगायला हवं. श्राद्धाला ब्राह्मण येईना. मुलाची मुंज अडली. उपवर मुलीचं ठरत आलेलं स्थळ मोडलं. लग्न झालेल्या मुलीला सासरचे सणाला माहेरी धाडीनात. आचारी, पाणक्या काम सोडून गेले. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणसं शोधावी लागली. यातली बरीचशी झळ सुधारकाला लागतच नव्हती. तो दिवसभर कचेरीत किंवा शाळेत असायचा. घरी असायची त्याची आई, बहीण, बायको आणि मुली, आणि त्यांचं सगळं जग पंक्ती, सणवार आणि सोयरीक यांतच सामावलेलं होतं. म्हणजे व्याख्यान एकाने द्यायचं आणि शिक्षा दहांनी भोगायची. त्यामुळे सुधारकाला आवरायला बाहेरच्या धर्ममार्तंडांची गरजच उरत नसे. ते काम घरचीच माणसं करत, आणि मायेपोटी करत.

वडील आणि मुलगा

सखूबाई गेल्यावर रानड्यांचे वडील गोविंदराव यांना एकच धास्ती होती : मुलगा आता विधवेशी लग्न करणार. रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात ही हकिकत सविस्तर आहे. वडिलांनी मुलाला येणारी मित्रांची पत्रं आपल्या ताब्यात घेतली, कारण चार दिवस गेले आणि मुंबईकर मित्रांनी भरीला घातलं, तर मुलगा हातचा जाईल. दुसरीकडे कुर्लेकरांशी बोलणी सुरू केली. रानड्यांनी विनवणी केली, मुदत मागितली. वधूपित्यालाही त्यांनी सरळ सांगितलं की मी सुधारक आहे, विधवाविवाहवाला आहे, विलायतेला जायचं माझ्या मनात आहे, परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, माझे डोळे अधू आहेत. आपण मुलगी देऊ नका. कुर्लेकर मागे हटले नाहीत. वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं : ऐकणार नसशील तर आपला संबंध संपला, मी कोल्हापूरला निघून जातो.

रानडे वाकले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न नव्हता. सरकारी नोकरी होती, पगार चांगला होता, शंकराचार्यांच्या पत्राने न्यायाधीशाची खुर्ची हलत नव्हती. चळवळीतल्या पुष्कळ साध्या माणसांपेक्षा ते कितीतरी सुरक्षित होते. त्यांना अडवलं ते वडिलांच्या शब्दाने, आणि ज्या वडिलांना आयुष्यभर उलट उत्तर दिलं नाही त्यांना म्हातारपणी घराबाहेर काढल्याचं पाप आपल्या माथी येईल, या भीतीने. ही भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली नाही. ती दोन स्त्रियांनी दिली. जिला नवं आयुष्य मिळू शकलं असतं अशी एक कुणी अनाम विधवा, आणि 20 वर्षांनी मोठ्या नवऱ्याच्या घरात येऊन पडलेली एक पोर.

विष्णुशास्त्री पंडितांनी पुढे स्वतःची पत्नी गेल्यावर विधवेशीच विवाह केला. म्हणजे ‘त्या काळात कुणालाच शक्य नव्हतं’ ही सबब टिकत नाही.

त्याच वर्षी, त्याच शहरात

1873 च्या 24 सप्टेंबरला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. 25 डिसेंबरला त्या समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. ब्राह्मण पुरोहिताशिवाय लागलेल्या या लग्नाच्या तयारीत सावित्रीबाई पुढे होत्या. फुले दांपत्याने एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं तेही याच सुमारास. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावं म्हणून त्यांनी 1863 मध्येच आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं.

जोतीरावांपुढेही वडील उभे राहिले होते. मुलींना आणि अतिशूद्रांना शिकवणं थांबव, नाहीतर घर सोड, असा प्रश्न गोविंदराव फुल्यांनी 1849 साली घातला, आणि नवरा-बायको दोघंही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. दोन्ही वडिलांचं नाव गोविंदराव हा योगायोग. प्रसंगाची ठेवण मात्र तंतोतंत तीच आहे.

मग फरक कशाचा? धैर्याचा, हे उत्तर खरं आहे, पण अर्धवट. जोतीराव बाहेर पडले तेव्हा सावित्रीबाई त्यांच्या बरोबरीने शिक्षिका होत्या. निर्णय दोघांचा होता. शिवाय पुरोहिताच्या मुठीतून बाहेर पडायला माळी, कुणबी, महार, मांग समाजांजवळ गमावण्यासारखं फारसं नव्हतं. त्या पंक्तीत त्यांना पान कधी वाढलंच गेलं नव्हतं. रानड्यांचं सगळं गणित पंक्तीत राहून पंक्ती बदलण्याचं होतं. बाहेर पडलो तर मागे उरलेल्यांना कोण बदलणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पूर्ण पोकळ म्हणता येत नाही. पण त्याच्या आडोशाने माणूस किती काळ न बदलता राहू शकतो, हेही दिसतंच. फुले यांनी पुढे रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं, निमंत्रण 1885 मध्ये नाकारलं. ज्यांना सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत त्यांच्याशी आमचं जमणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. उच्चवर्णीय सुधारणेची ही दुसरी उणीव, आणि ती कुठल्याही वडिलांच्या दडपणाने आलेली नव्हती.

वाड्यातली शाळा

लग्नाच्या रात्री रानड्यांनी त्या मुलीची विचारपूस केली, लिहिता-वाचता येतं का विचारलं, आणि शिकवायला सुरुवात केली. मुळाक्षरांपासून. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या एका शिक्षिकेला घरी बोलावलं. नाशिकला बदली झाल्यावर इंग्रजी सुरू झालं.

हे वाचायला गोड वाटतं. घरात ते गोड नव्हतं. वाड्यात सासू, चुलत सासवा, आत्या, नणंदा असा मोठा बायकांचा गोतावळा होता. शिकलेली सून म्हणजे कुळाला बट्टा, ही सगळ्यांची पक्की समजूत. धाकट्या सुनेने मोठ्याने वाचलं की टोमणे, हळू वाचलं की ‘काय लपवतेस’. नवरा दहा वेळा सांगेल, आपण एकदा-दोनदा करावं आणि सोडून द्यावं, असा शहाणपणाचा सल्ला. दिवसभर घरातल्या बायकांच्या मर्जीत राहायचं, रात्री नवऱ्याचा धडा तयार ठेवायचा. रानडे दिवसा घरात नसत आणि असले तरी आयाबहिणींना चार शब्द सुनावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणजे सुधारणा त्यांची, आणि लढाई त्या मुलीची.

या बायकांत रानड्यांची धाकटी बहीण दुर्गाबाई होत्या. त्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. ज्या स्त्रियांसाठी भाऊ सभा गाजवत होता त्यांतलीच एक त्याच्या घरात, त्याच्या पंक्तीला वाढत होती. आणि भावजयीच्या शिक्षणाला सर्वांत कडक विरोध करणाऱ्यांत त्याच होत्या. मला या सबंध प्रकरणात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं ते हे. दुर्गाबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या नियमांनी त्यांचं आयुष्य संपवलं, ते नियम चुकीचे होते असं मान्य केलं तर आपण भोगलं ते उगीचच भोगलं, हेही मान्य करावं लागतं. कुणाच्याही मनाला हे सोपं नाही. नियम मोडण्याची भीती आणि नियम पाळल्याचा अभिमान, दोन्ही एकाच जखमेतून येतात. घराघरातल्या विरोधाकडे ‘अज्ञान’ म्हणून पाहणाऱ्या सुधारकांना हे फार उशिरा कळलं.

रानड्यांच्या प्रेमळपणालाही एक कड होती. एका प्रसंगी रमाबाई घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दबावामुळे त्यांच्या मनाविरुद्ध वागल्या. रानडे रागावले नाहीत; बोललेच नाहीत. रात्री रोजच्याप्रमाणे पायांना तूप चोळून देताना त्या वाट पाहत राहिल्या, पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना. रमाबाईंनी हे कृतज्ञतेच्या सुरात लिहिलं आहे. आजच्या वाचकाला तो प्रसंग वाचताना वेगळंच काही जाणवतं : इथे शिकवणारा, पोसणारा, क्षमा करणारा आणि अबोला धरणारा एकच माणूस आहे, आणि शिकणारीला दुसरं कोणतंही दार नाही.

चहाचा पेला

लग्नाची चूक एकदाच झाली असती तर तिला प्रसंगाचा दोष देता आला असता. पण 17 वर्षांनी तीच परीक्षा पुन्हा आली. 1890 च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. रानडे होते, टिळक होते, शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. गोपाळराव जोशींनी हजर असणाऱ्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि पुन्हा तेच सुरू झालं : अडलेली कार्यं, न आलेल्या लेकी.

1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःसाठी नव्हे, बहिष्काराने घरातली माणसं मेटाकुटीला आलेल्या मित्रांसाठी, असं त्यांचं म्हणणं. सुधारक मंडळींनी त्यांच्यावर कडक टीका केली. रमाबाईंनाही वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलेलं नाही. इथे माझं मत रानड्यांच्या बाजूने थोडं झुकतं, लग्नाच्या वेळी झुकत नाही. 1873 मध्ये त्यांच्या माघारीची किंमत दुसऱ्यांनी मोजली. 1892 मध्ये ती त्यांनी स्वतःच्या नावाने मोजली. हसं झालं ते त्यांचं झालं. पण चळवळीच्या दृष्टीने नुकसान झालंच. ज्याच्याकडे पाहून दहा जणांनी धीर धरायचा, तोच पंचगव्य घेताना दिसला.

माणसावर न विसंबणारी रचना

रानड्यांच्या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे येतं. स्वतःचा कणा कुठे वाकतो हे माहीत असलेल्या माणसाने बांधावं तसं त्यांनी सुधारणेचं काम बांधलं. 1887 पासून राष्ट्रीय काँग्रेसच्या जोडीने सामाजिक परिषद भरू लागली. गावोगावच्या मंडळांनी वर्षभरात काय केलं याचे अहवाल मागवायचे, ते जाहीर वाचायचे. लग्नाचं वय, हुंडा, लग्नखर्च, मुलींचं शिक्षण यांबद्दल सभासदांनी सहीनिशी प्रतिज्ञा करायची. एकट्या माणसाला घरात ‘नाही’ म्हणता येत नाही. पण ‘मंडळात सही केली आहे’ असं म्हणता येतं. दडपणाला उत्तर म्हणून उलट दिशेचं दडपण उभं करायचं, असा हा हिशेब होता. सुधारणेच्या चार वाटा ते सांगत : शास्त्राचा नवा अर्थ लावणं, सदसद्विवेकाला आवाहन करणं, कायद्याचा धाक घालणं, आणि जुन्याशी संबंध तोडून बाहेर पडणं. चौथी वाट त्यांनी स्वतः धरली नाही, पण यादीतून ती गाळलीही नाही.

1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजेच हुजूरपागा, सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत रानडे होते. त्या आधी 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडे त्यात उतरल्या. पंडिताबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई.

1893 च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांनी याच गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. कोकणातल्या मुरूडला, त्यांच्या मूळ गावी, लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, आईला आणि भावाला त्रास झाला, म्हणजे बहिष्काराची धार 20 वर्षांत फारशी बोथट झाली नव्हती. बदललं होतं ते त्याच्याभोवतीचं. कर्व्यांना फर्ग्युसनमध्ये, सुधारकांनीच उभ्या केलेल्या संस्थेत, प्राध्यापकी होती. गोदूबाई शिकलेल्या होत्या आणि त्यांचा होकार हा त्यांचा स्वतःचा होकार होता. लग्नाला येऊन उभी राहणारी माणसं शहरात होती. 1873 मध्ये यातलं जवळपास काहीच नव्हतं, आणि जे नव्हतं ते उभं करण्यात, स्वतः ती परीक्षा नापास झालेल्या माणसाचा मोठा वाटा होता.

कर्वेही पुढे एक पाऊल मागे आले. विधवांसाठी आश्रम काढल्यावर त्यांनी पुनर्विवाहाचा प्रश्न त्यापासून बुद्ध्या दूर ठेवला, नाहीतर लोकांनी मुली पाठवल्या नसत्या. पण त्या तडजोडीतूनच पुण्याजवळच्या हिंगण्याच्या या आश्रमाचं काम वाढलं आणि 1916 साली महिला विद्यापीठ झालं.

ज्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं

रानडे 1901 च्या जानेवारीत वारले. रमाबाई वयाची 39 वर्षं पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावर विधवा झाल्या. या प्रकरणाचा शेवट इथे होत असता तर निकाल फार कडू लागला असता. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी त्या होत्या. 1909 मध्ये पुण्यात, राहत्या वाड्यात, त्यांनी सेवासदनाचं काम सुरू केलं. सकाळचा स्वयंपाक आटोपून येता येईल अशा वेळी वर्ग ठेवले, कारण येणाऱ्या बायकांच्या घरची व्यवस्था काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. टोमणे खाऊन शिकलेल्या बाईनेच असं वेळापत्रक करावं. विधवा, परित्यक्ता, दुपारी दोन तास मोकळ्या होणाऱ्या संसारी बायका येऊ लागल्या. शिक्षिका तयार झाल्या. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने परिचारिका तयार झाल्या, आणि ब्राह्मण घरातली विधवा कुठल्याही जातीच्या रोग्याची जखम धुऊ लागली. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत सामाजिक परिषदेच्या ठरावांना जे जमलं नाही, ते या वॉर्डांत रोजच्या कामाचा भाग झालं.

या कामाचं श्रेय रानड्यांच्या खात्यावर टाकून त्यांचं 1873 चं खातं बंद करायची पद्धत आहे. ती मला मुळीच मान्य नाही. एका मुलीने स्वतःच्या वाट्याला आलेल्या अन्यायातून काही घडवलं म्हणून अन्याय करणाऱ्याची फेड होत नाही. तिच्यासारख्या त्याच साली लग्न झालेल्या, अक्षर न शिकता, बाळंतपणात किंवा सोवळ्यात संपून गेलेल्या मुलींची गणती कुणी ठेवलेली नाही. पण उलट बाजूने, निष्कलंक माणसाची वाट पाहत बसलो असतो तर हुजूरपागा, सामाजिक परिषद, सेवासदन यांतलं काहीच उभं राहिलं नसतं, हेही तितकंच खरं. डॉ. आंबेडकरांनी 1943 साली पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांची थोरवी मान्य केली, ती सामाजिक प्रश्नाला राजकारणाच्या आधी हात घालण्याच्या धाडसासाठी. ज्या जातिव्यवस्थेच्या चटक्यांबद्दल रानड्यांची पंक्ती बरीचशी मुकी राहिली, ते चटके भोगलेल्या माणसाने केलेलं हे मूल्यमापन आहे.

1920 च्या सुमाराला पुणे नगरपालिकेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचा विचार निघाला, तेव्हा पैशाचं कारण सांगून आधी फक्त मुलांपुरतं करू, मुलींचं पुढे पाहू, असं म्हणणारे पुष्कळ होते. शिकल्याने मुली बिघडतात, घर कोण सांभाळणार, अजून वेळ आलेली नाही, हे मुद्दे वाड्यातल्या बायकांनी 50 वर्षांपूर्वी मांडले होते तसेच आता सभागृहात मांडले जात होते. याविरुद्ध वेगवेगळ्या जातींच्या बायका पुण्याच्या रस्त्यावर मोर्चाने उतरल्या, आणि त्यांच्या पुढे रमाबाई होत्या. मागणी एकच होती : सक्ती करायची तर मुलीलाही करा.